सातबारा उघडा ठेवा, आधार झाकून ठेवा



आज पेरणी-फवारणीविषयी बोलायचे नाही. आज बोलू या कागदाविषयी. शेतकऱ्याच्या घरात दोन तऱ्हेचे कागद असतात. काही कागद चारचौघांनी पाहिले तरच आपले रक्षण होते. काही कागद चारचौघांच्या हाती गेले तर आपले नुकसान होते. कोणता कागद कोणत्या तऱ्हेचा, हे ओळखता आले पाहिजे.

आधी सातबारा घेऊ. "माझ्या जमिनीचा उतारा दुसऱ्याने का काढावा?" असे आपल्यापैकी पुष्कळजण विचारतात. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 327 प्रमाणे जमिनीचे नकाशे व अभिलेख लोकांना पाहता येतात आणि फी भरून त्यांची नक्कल मिळते. याचे कारण साधे आहे. जमीन घेणाऱ्याला मालक कोण, बोजा किती, हे कळले पाहिजे. आणि कोणी गुपचूप आपले नाव कमी करत असेल, तर ते आपल्यालाही कळले पाहिजे.

समजा, वडील वारले. वारस तीन भाऊ आणि दोन बहिणी. अर्जात बहिणींची नावे गाळली. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, फेरफार धरला की संहितेच्या कलम 150 प्रमाणे त्याची प्रत चावडीत लावायची असते आणि संबंधितांना नोटीस द्यायची असते. हरकतीला 15 दिवस मिळतात. बहीण नांदते उदगीरला आणि जमीन आहे कंधारला, तर तिने चावडी कशी पाहावी? त्यासाठी महाभूमी संकेतस्थळावर 'आपली चावडी' आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडले की तिथे फेरफाराची नोटीस दिसते. घरातल्या शिकलेल्या पोराला सांगा, महिन्यातून दोनदा बघ. वेळेत हरकत घेतली तर अर्जावर काम भागते. वेळ गेली तर कोर्टकचेरी करावी लागते.

आपल्या मराठवाड्याला हे जास्त लागू आहे. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळचे महसुली कागद बहुतांशी उर्दूत. कागद कचेरीत होता, पण वाचणारा गावात नव्हता. 2023 पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधण्यासाठी तेच जुने कागद तपासले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे किती मोलाची आहेत, हे सर्वांना कळले. आजचा सातबारा मराठीत आहे. तो वाचायचा आळस करू नका.

आता दुसऱ्या तऱ्हेचे कागद. आधार क्रमांक, बँकेचा खातेक्रमांक, मोबाइलवर येणारा ओटीपी आणि आपल्या अंगठ्याचा ठसा. हे कोणाला दाखवायची गरज नाही.

देगलूर, बिलोलीच्या पलीकडे तेलंगणा लागतो. तिथे 2018 साली एक प्रकरण उघडकीला आले. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर खरेदीखते ठेवलेली होती. त्यांवर लोकांचे अंगठे आणि आधार क्रमांक जसेच्या तसे होते. एका सिमकार्ड विक्रेत्याने ते उतरवून घेतले, रबराचे ठसे बनवले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. जमीन कोणी कोणाला विकली, हे लोकांना कळण्यात काही वावगे नव्हते. चूक झाली ती अंगठा आणि आधार उघडा ठेवण्यात.

हीच कसोटी अनुदानाच्या यादीला लावा. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अतिवृष्टीने पिके गेली, जमिनी खरवडल्या. अशा मदतीच्या यादीत नाव, गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम दिसलीच पाहिजे. त्यावाचून खऱ्याचे नाव गळाले आणि खोट्याचे घुसले, हे गावाला कळणार कसे? माहितीचा अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 मध्येही अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करावा, असे आहे. मात्र त्या यादीत कोणाचा पूर्ण आधार क्रमांक किंवा खातेक्रमांक असण्याचे कारण नाही. असला, तर तहसीलदारांना लेखी कळवा.

एक बदल ध्यानात असू द्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम 8 बदलले आणि तो बदल नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. आता "ही वैयक्तिक माहिती आहे" एवढे सांगून अर्ज नाकारला जाऊ शकतो. पण कलम 8 (2) कायम आहे. त्याप्रमाणे लोकहित मोठे असेल, तर माहिती देता येते. म्हणून यादी मागताना ती कशासाठी हवी, गावाचे हित त्यात काय, हे अर्जात दोन ओळींत लिहा, आणि "आधार व खातेक्रमांक झाकून द्यावेत" असेही लिहा.

आता करायच्या गोष्टी, क्रमाने :

1. वर्षातून दोनदा तरी सातबारा आणि आठ-अ पाहा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. नाव, क्षेत्र आणि इतर हक्कातला बोजा नीट वाचा.

2. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा.

3. आधारची झेरॉक्स देताना तीवर तारीख आणि काम लिहा. शेवटचे चारच आकडे दिसणारे आधारही मिळते. जिथे चालेल तिथे तेच द्या.

4. आधारचे अंगठ्याचे कुलूप लावून ठेवा. काम असेल तेव्हा उघडा. माहितीसाठी 1947 हा क्रमांक आहे.

5. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नको. यंत्रावर अंगठा ठेवण्याआधी "कशासाठी?" हे विचारा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर कळवा.

भगिनींनो, माहेरच्या सातबाऱ्यावर आपले नाव आहे की नाही, हे पाहण्यात भांडण नाही. तो उतारा सगळ्यांना पाहता येतो, तसा तुम्हालाही पाहता येतो. या आठवड्यात एकदा पाहून घ्या.