मेंदूच्या जाळ्यात हैदराबादचा माणूस



हैदराबादेतल्या गौलीगुड्यातलं मराठी मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू. याचं इथे कुणाला नवल नाही. हैदराबादच्याच निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी मात्र त्याचा कसून अभ्यास केला. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडला होता. शाळेचं तोंडही न पाहिलेल्यांतही हा फरक दिसला. तिसऱ्या-चौथ्या भाषेने त्यात भर पडल्याचं मात्र आढळलं नाही.

असं का व्हावं? उत्तर मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यापेक्षा तिथल्या जोडण्यांमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे, आणि जोडण्या तपासायला ग्राफचं गणित लागतं. ठिपके आणि त्यांना सांधणाऱ्या रेषा, एवढंच त्याचं सामान.

माणूस एमआरआय यंत्रात काही मिनिटं निश्चल पडून राहतो. दर दोनेक सेकंदांनी यंत्र मेंदूतल्या रक्ताच्या प्राणवायूचे चढउतार टिपतं. मेंदूचे ११६ भाग पाडले, तर कोणते दोन भाग बरोबरीने चढतात-उतरतात हे पाहण्यासाठी ६६७० जोड्या तपासाव्या लागतात. मुलांनो, ११६ गुणिले ११५ भागिले २, घरी करून पाहा! इथे भाग म्हणजे ठिपके, आणि बरोबरीने चढणाऱ्या-उतरणाऱ्या जोड्या म्हणजे रेषा. अशा ग्राफवरून शिकणाऱ्या संगणकी पद्धतीत, म्हणजे ग्राफ न्यूरल नेटवर्कमध्ये, प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांकडून माहिती घेतो. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की लांबच्या भागांचा परिणामही त्याच्यापर्यंत पोचतो.

हैदराबादच्या एमजीबीएस मेट्रो स्थानकात लाल आणि हिरवी मार्गिका भेटतात. ते बंद पडलं तर खोळंबा एकट्या गौलीगुड्याचा होणार नाही. मेंदूतही अशी जंक्शनं असतात, आणि अल्झायमरमध्ये साचणारं अमिलॉइड प्रथिन त्यांच्यापैकी बऱ्याच ठिकाणी जास्त सापडतं.

ग्राफ न्यूरल नेटवर्कच्या तंत्राचं कौतुक मात्र जपून करावं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने स्वमग्नता ओळखण्यासाठी ते वापरलं. त्यांच्या ग्राफमध्ये एकेक ठिपका म्हणजे अख्खा माणूस होता. अचूकता आली सुमारे ७० टक्के. वर्गात हे गुण चांगले. पण तपासलेल्यांत जवळपास निम्मे स्वमग्न असताना निदानासाठी ते पुरत नाहीत. शिवाय यंत्रात मुलाने डोकं जरासं हलवलं तरी जोडण्यांचं चित्र बिघडतं, आणि संगणक ती हालचालच स्वमग्नतेची खूण म्हणून शिकू शकतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे संगणक ज्या स्कॅनवरून शिकला, ती माहिती मुख्यतः अमेरिका-युरोपातली आहे. आपल्याच शहरातल्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० निरोगी भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा तयार केला. भारतीय मेंदूची सरासरी उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा कमी निघालं. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. पण परक्या मापाने मोजलं तर निरोगी मेंदूही आजाराने आक्रसलेला वाटू शकतो.

दोन भाषा सहज बोलणाऱ्या निरक्षर आजीच्या मेंदूतल्या कोणत्या जोडण्या आजाराला थोपवून धरतात, हे शोधायला हैदराबादसारखी जागा नाही. त्यासाठी स्कॅनबरोबर तिची स्मरणशक्ती तिच्याच भाषेत तपासावी लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा चाचण्यांचा संच पाच भारतीय भाषांत तयार केला. त्यात तेलुगू होती, मराठी नव्हती. या सभागृहात गणित आवडणारी आणि आजीशी मराठीत गप्पा मारणारी मुलं बसली आहेत. हे काम त्यांनी अंगावर घ्यावं.