इबादानचें पोस्टकार्ड
(विद्यार्थी वसतिगृहांत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



उद्यां तुम्ही आमच्या गांवीं दहा दिवसांच्या श्रमशिबिराला येणार. मी खेड्यांतला मास्तर, वक्ता नव्हे. एक घडलेली हकीकत तेवढी सांगतों.

१४ ऑक्टोबर १९६० रोजीं उत्तररात्रीं दोनच्या सुमारास केनेडी निवडणुकीच्या दौऱ्यांत अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत आले. हजारों विद्यार्थी जागत उभे होते. डॉक्टर होऊं पाहणाऱ्यांपैकीं किती जण घानांत जाऊन राबतील, असें त्यांनीं विचारलें. मुलें टाळ्या वाजवून निजलीं नाहींत. त्यांनीं सह्यांचे कागद फिरविले. १ मार्च १९६१ रोजीं ‘पीस कोअर’ स्थापन झाली. (आपल्या विक्रोळीसहि तिच्यातर्फे एक वृद्ध परिचारिका राहून गेली, पुढें तिचा मुलगा जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाला.)

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत एक तुकडी नायजेरियांत, इबादानच्या विद्यापीठांत, तयारीसाठीं होती. त्या देशाला स्वातंत्र्य मिळून नुकतेंच एक वर्ष झालें होतें. तुकडींतल्या एका तरुणीनें मायदेशच्या मित्राला कार्ड लिहिलें, त्यांत तेथील घाणीचें व रस्त्यावरच्या राहणीचें वर्णन केलें. कार्ड वाटेंत पडलें, तेथील विद्यार्थ्याला सांपडलें. नकला निघाल्या, वसतिगृहांत वांटल्या गेल्या. सभा भरली, या पाहुण्यांना परत धाडा, अशी मागणी झाली. भोजनगृहांत त्यांच्या पंक्तीला कोणी बसेना. आणि अमेरिकेंत त्याच काळीं काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या उपाहारगृहांत बसावयास मिळावें म्हणून मार खात होते!

मला प्रथम त्या मुलीचीच कींव आली. बिचारी चांगल्या मनानें आली होती, आणि कार्ड कांहीं गांवाला वाचून दाखविण्यासाठीं नव्हतें. पण मग आमच्या घरची गोष्ट आठवली. मी ट्रेनिंग कॉलेजांत असतां शहरांतून एक गृहस्थ वह्या वांटावयास आले होते. आईनें पाणी दिलें. त्यांनीं तांब्या तसाच खालीं ठेवला, आणि गाडींत बसतांना सोबत्याला आमच्या अंगणाच्या वासाबद्दल हंसत कांहीं सांगितलें. आईनें तें ऐकलें. वह्या चांगल्या होत्या. त्या मीं वापरल्याहि. पण तो तांब्या तिनें पुन्हां कोणा पाहुण्यापुढें ठेवला नाहीं.

त्या मुलीनें माफी मागितली व नायजेरिया सोडला. बाकीचे राहिले. पुढें दोन्हींकडचे विद्यार्थी पुन्हां एकत्र जेवूं लागले.

तुमच्या हातीं तर मोबाईल आहे. तुम्ही रात्रीं लिहिलेलें आमच्या पोरांना सकाळच्या आंत वाचावयास मिळतें. फोटो काढण्यापूर्वीं घरधन्याला विचारा. माझी आई ओसरीवर बसलेली असते. ती पाणी विचारील.