आधी पाहुणे होऊ या
(मंडळीच्या मेळाव्यात दिलेल्या संदेशाचा मजकूर)



रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात पौल गरजवंत पवित्र जनांना मदत करायला सांगतो आणि त्याच 13व्या वचनात आतिथ्य करायलाही सांगतो. दोन्ही आज्ञा एकाच वचनात आल्या, तरी त्या एकच नाहीत. धान्याची पिशवी देणे ही मदत झाली. त्या माणसाबरोबर बसून जेवणे हे आतिथ्य. मदत आपल्या मंडळ्या मनापासून करतात. नाताळात ब्लँकेटे जातात, जूनमध्ये वह्या जातात. पण ज्यांना आपण देतो, त्यांच्या घरी आपण किती वेळा जेवलो?

लूकच्या 10व्या अध्यायात प्रभूने शिष्यांना जोडीजोडीने पाठवले, तेव्हा थैली, झोळी, वहाणा काहीच बरोबर घेऊ दिले नाही. ज्या घरी जाल तिथेच राहा आणि पुढे वाढतील ते खा, असे सांगितले. म्हणजे त्याचा सेवक दारात आला तो आधी पाहुणा म्हणून. प्रभू स्वतःही जक्कयाच्या घरी पाहुणा झाला. अम्माऊसच्या दोघांनी त्याला आग्रहाने ठेवून घेतले आणि जेवायला बसल्यावरच त्यांनी त्याला ओळखले.

नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगरात काम करताना मला याचा अनुभव आला. धडगावकडच्या एका पाड्यावर आम्ही काही महिने औषधे घेऊन जात होतो. एकदा काम आटोपल्यावर एका आजींनी अंगणात खाट टाकली आणि म्हणाल्या, "दर वेळी देऊन जाता. आज आमच्या घरचं खाऊन जा." आम्ही बसलो. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ होती. जेवता जेवता आजी नातवाविषयी बोलू लागल्या. त्याचे हातपाय वरचेवर दुखतात, ताप येतो, शाळा बुडते. आमच्या नोंदवहीतल्या प्रश्नांना हे उत्तर कधी आले नव्हते. आम्ही मुलाला रक्ततपासणीला नेले आणि सिकलसेल असल्याचे कळले. या पट्ट्यात हा आजार बराच आढळतो. आज त्याचे उपचार नियमित चालू आहेत. ज्याच्या घरी आपण जेवतो, तो आपल्याला मनातले सांगतो.

म्हणून रोज करता येतील अशा चार गोष्टी सुचवतो.

पहिली, आपले दार. सरकारी दवाखान्यात रुग्णाजवळ थांबलेले नातेवाईक, वसतिगृहातली मुले, यांतल्या एकाला रविवारी उपासनेनंतर घरी न्या. खास स्वयंपाक नको, घरात शिजले असेल तेच वाढा. कुरकुर न करता पाहुणचार करा, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. पक्वान्नाचा घाट घातला की कुरकुर आलीच.

दुसरी, त्यांचे दार. बोलावले तर जा आणि जेवा. दोघांनीच जा. पावसाळ्यात पाड्यांवर धान्य कमी असते, तेव्हा गाडीभर माणसे नेऊ नका आणि आपल्यासाठी कोंबडी कापायला लावू नका.

तिसरी, उपासना. याकोबाच्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या सभेला ताकीद दिली आहे. आपल्याकडे पाड्यावरून आलेले कुटुंब शेवटच्या बाकावर बसते, ते कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर पुढे सरकून जागा कोणी दिली नाही म्हणून. जागा द्या. महिन्यातून एकदा तरी मावची, पावरी किंवा भिली भाषेतले गीत होऊ द्या. बाहेरच्या बंधूला त्याच्या बोलीत प्रार्थना करू द्या. देवाला ती समजते, आपल्यालाही हळूहळू समजेल.

चौथी, घरची प्रार्थना. "आदिवासी बांधवांना आशीर्वाद दे" ही प्रार्थना सोपी असते. त्याऐवजी एकच कुटुंब घ्या. मुलांची नावे पाठ करा, कोण आजारी आहे, कोण कामाला बाहेर गेले आहे ते विचारा, आणि रोज संध्याकाळी त्यांची नावे देवापुढे ठेवा. नावानिशी प्रार्थना करणारा माणूस स्वस्थ बसत नाही, तो चौकशीला निघतो. आत्मिक वाढ याहून वेगळी कुठे असते?

एक सांभाळा. आपल्या भाकरीला अट नको. पाहुणा आपल्या विश्वासाचा असो वा नसो, जेवून तो मोकळ्या मनाने घरी गेला पाहिजे. इब्री लोकांस पत्राच्या 13व्या अध्यायात अनोळखी माणसाचे आदरातिथ्य विसरू नका असे म्हटले आहे. त्याला आधी त्याचा धर्म विचारा, असे तिथे नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे आता गावी परतत आहेत. पाऊस लागला की ती शेतात गुंततील. तेव्हा आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक घर आणि एक रविवार ठरवावा, आणि तो आपल्या पाळकसाहेबांना सांगावा.

आपले दार उघडे ठेवायला आणि दुसऱ्याच्या दारी नम्रतेने बसायला प्रभू आपल्याला शिकवो. आमेन.