मुलांस बोलावें कसें?

(लोणी देवकर येथें पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलास मारणें तर बंद केलेंच, पण त्याचा मानसिक छळ करणेंही बंद केलें. आम्हां मास्तरांची छडी गेली. कांहींच्या जिभेवरची अजून जायची आहे! पण हें कलम शाळेपुरतें. घरीं, शेतांत, भात्यापुढें काय चालतें?

पोर दारें धरतें, डुलकी लागते, पाट फुटतो. बाप ओरडतो, “मुडद्या, तुझ्या हातून कांहीं व्हायचें नाहीं!” यांत पाट कसा बांधावा हें कुठें आलें? त्याऐवजीं म्हणा, “पाट फुटला. आधीं खोरें घे, माती ओढ. मग सांग, कशानें फुटला.” हे लाड नव्हेत, काम त्याच्याकडूनच करून घेतलें. नवें खोंड जुंपतांना आपण चुचकारतों, आणि पोटच्या पोराला ढोर म्हणतों!

मुलीची भाकरी करपली कीं, “शिकून काय दिवे लावणार?” भाकरीचा आणि शाळेचा काय संबंध? अशी मुलगी वर्गांत उत्तर येत असूनही हात वर करीत नाहीं. “तुम्हांला विद्या काय करायची?” असें आपल्या आजा-पणज्यांस दुसरे म्हणत. जोतीरावांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती हें बोलणें मोडण्यासाठींच. तेंच आज आपल्या ओसरीवर आपल्याच तोंडून निघतें.

प्रगतिपुस्तक घरीं येईल तेव्हां मार्क कमी दिसले, तर कोणतें गणित अडलें तें मुलास विचारा आणि आम्हांस कळवा.