परत फिरायची वेळ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी भूगोलाचा मास्तर. छत्तीस वर्षं खडू झिजवला. पाऊस कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, हे पोरांना शिकवण्यात आठवडा जायचा आणि रविवार जायचा सह्याद्रीत. त्यामुळे पैसे देऊन गाइड घ्यायचा आणि त्याच्या मागून फिरायचं, ही गोष्ट मला कायम कमीपणाची वाटत आली. महाबळेश्वरला एक जण हात वर करून पुढे चाललाय आणि वीस जण मेंढरांसारखे मागे, असं दृश्य दिसलं की मी तोंड फिरवत असे. आज मात्र मी अशाच तीन सहलींबद्दल बोलणार आहे, ज्यांत मेंढरांपैकी एक मीच होतो.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत सिॲटलला असतात. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडे होतो. मुलीने परस्पर ठरवून टाकलं, "बाबा, तुम्ही आणि आई ऑलिंपिक नॅशनल पार्क बघून या. पण गाइडबरोबर. एकटं कुठे भटकायचं नाही." माझ्या गुडघ्याचं कारण पुढे केलं. सौभाग्यवतींनी लगेच मान डोलावली, म्हणजे विषय संपला.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला एक द्वीपकल्प आहे. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, उत्तरेला वान दे फुका नावाची सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे कॅनडा. मधोमध डोंगर. सगळ्यांत उंच शिखर माउंट ऑलिंपस, आठ हजार फुटांना जेमतेम कमी. १९३८ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, १९८१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर जागा, आणि गंमत म्हणजे तिला आरपार छेदणारा एकही रस्ता नाही. महामार्ग बाहेरून वळसा घालतो, त्यातून लहान रस्ते आत शिरतात आणि थांबतात. म्हणून तिथे एका दिवसाची सहल करायची ती अशीच. सकाळी एका फाट्याने आत जायचं, संध्याकाळी त्याच वाटेने बाहेर. आम्ही पोर्ट एंजेलिस या गावात मुक्काम ठोकला आणि तीन दिवसांत तीन फाटे केले. एक डोंगराचा, एक जंगलाचा, एक समुद्राचा.

आमची गाइड तिशीच्या आतली मुलगी होती. अशा लोकांना उद्यानाचा परवाना लागतो. तिने रानातल्या प्रथमोपचाराचं शिक्षणही घेतलेलं होतं. व्हॅनमध्ये आम्ही नऊ जण. निघण्याआधी ती प्रत्येकाचे बूट बघायची, पाण्याची बाटली भरली आहे का विचारायची, औषधं कोणती चालू आहेत तेही विचारायची. आणि एका कार्डावर मोठ्या आकड्यांत एक वेळ लिहून समोर अडकवायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, ती पोहोचायची वेळ असेल. ती होती परत फिरायची वेळ. कुठे पोहोचणार, हे तिने कधीच लिहिलं नाही.

डोंगराचं फार सांगत नाही. हरिकेन रिज नावाची धार ५,२४२ फुटांवर आहे. समुद्रकाठच्या गावातून निघालं की तासाभरात माणूस तिथे असतो. एका बाजूला हिमनद्यांनी भरलेली शिखरं, दुसऱ्या बाजूला खाली सामुद्रधुनी आणि पलीकडे कॅनडातलं व्हँकूव्हर बेट. वरची जुनी इमारत मे २०२३ मध्ये जळून गेली, तिची मोकळी जागा तेवढी दिसली. पण एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. या डोंगरांत पहाडी बकऱ्या मुळात नव्हत्या. १९२० च्या दशकात शिकारीसाठी बाहेरून आणून सोडल्या. त्या वाढल्या आणि उंचावरची नाजूक झाडी तुडवू लागल्या. इथल्या खडकांत मीठ नाही, आणि बकरीला तर मीठ हवं. ते कुठे मिळणार? माणसाच्या घामात आणि मूत्रात. मग त्या माणसांच्या मागेच लागल्या. २०१० मध्ये एका बकऱ्याने शिंग मारून एका गिर्यारोहकाचा जीव घेतला. शेवटी २०१८ ते २०२० या काळात तीनशेहून अधिक बकऱ्या हेलिकॉप्टरला टांगून शेजारच्या कॅस्केड पर्वतात नेऊन सोडल्या. तोवर मी गाइडच्या बोलण्याकडे कान न देता एकटाच कडेला उभा होतो. बकऱ्यांपाशी मी घोळक्यात येऊन मिसळलो, हे कबूल करतो.

दुसरा दिवस जंगलाचा. तिथे एक नदी आहे, तिचं नावच 'हो'. गावाला फोन करून "आम्ही हो च्या जंगलात चाललोय" म्हटलं, तर मेहुणा म्हणतो, "हो, पण कुठल्या?"

या खोऱ्यात वर्षाला सुमारे १४० इंच, म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मी ताठ होऊन सांगितलं, आमच्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. ती म्हणाली, "किती महिन्यांत?" मी म्हटलं, चार. ती नुसती हसली. तिथे पाऊस शरदापासून वसंतापर्यंत भिजवत राहतो आणि उन्हाळ्यात धुकं ओलावा धरून ठेवतं. आपल्याकडे चार महिने धो धो, मग आठ महिने ऊन. पाऊस किती यापेक्षा तो कसा वाटला जातो यावर जंगल ठरतं, हे मी वर्गात शंभर वेळा सांगितलेलं. पण मान वर करून पाहिलं ते तिथे. सिटका स्प्रूसची अडीचशे फुटांची झाडं, आणि मेपलच्या फांद्यांवर हातभर लांब शेवाळाच्या झालरी. तिथून निघालेले ढग डोंगर ओलांडून ईशान्येला जातात तोवर रिकामे होतात. सेक्विम नावाच्या गावाला जेमतेम ४०० मिलिमीटर मिळतो. महाबळेश्वर आणि माण-खटाव, अगदी तेच नातं.

जमिनीवर पडलेल्या एका प्रचंड खोडापाशी तिने आम्हाला थांबवलं. त्याच्या पाठीवर रोपांची रांग उगवली होती. खाली जमिनीवर नेच्यांची आणि शेवाळाची एवढी दाटी की बी रुजायला जागा मिळत नाही, म्हणून ते मेलेल्या झाडावर रुजतं. ते लोक त्याला नर्स लॉग म्हणतात, आपण दाई म्हणू. पुढे शेकडो वर्षांनी दाई कुजून जाते आणि वरची झाडं मुळांवर उंच उभी राहतात, खाली पोकळी ठेवून. सगळी एका रेषेत, कवायतीला उभी केल्यासारखी.

मग ती मेपलकडे बोट दाखवून म्हणाली, हे शेवाळ झाडाला नुसता भार आहे असं वाटतं ना? एका बाईंनी दोर लावून वर चढून पाहिलं. झाडाने फांदीतूनच मुळं काढून शेवाळाखालच्या मातीत घातली होती, वरच्या वर अन्न घ्यायला. १९८१ मध्ये ते 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. बाईंचं नाव तिने असं काही उच्चारलं की मला दोनदा विचारावं लागलं. नलिनी नाडकर्णी! वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. मी इतक्या मोठ्यांदा "नाडकर्णी?" म्हणालो की दूरच्या कुरणातला एल्क मान वर करून बघू लागला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. या एल्कच्या रक्षणासाठीच १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्टने ही जागा राखीव केली होती. (डिसेंबर २०२४ च्या वादळात या खोऱ्याचा रस्ता वाहून गेला आणि मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. आम्ही तीन महिने आधी जाऊन आलो, एवढंच.)

तिसरा दिवस रिआल्टो बीचचा. वाळू थोडी, काळे-करडे गोटेच जास्त, आणि काठावर ओंडक्यांचा ढीग. नद्यांनी वाहून आणलेली सबंध झाडं. लाटेने असा एखादा ओंडका उचलला तर तो माणसाला चिरडतो, तशा पाट्याच लावल्या आहेत. दीडेक मैलावर खडकाला आरपार भोक पडलेलं आहे, त्याला होल-इन-द-वॉल म्हणतात. तिथे ओहोटीलाच जाता येतं.

गोट्यांवरून चालताना पाय मागे सरकतो. माझा गुडघा बोलू लागला, आणि माझ्यामुळे सगळ्यांनाच उशीर होत होता. ते भोक समोर स्पष्ट दिसू लागलं तेव्हा तिने घड्याळ पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथून परत."

मी वाद घातला. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, तो हिशेब मी मनात करून ठेवला होता. मी म्हटलं, अजून वेळ आहे. ती शांतपणे म्हणाली, "जायला आहे. यायला नाही." मग तिने कागद दाखवला. त्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीत पाणी खूप आत जातं, दुसरीत थोडंच. त्या दिवशीची दुपारची ओहोटी थोडी होती, आणि लाटा सकाळपेक्षा मोठ्या झाल्या होत्या. माझा तिथीचा हिशेब पॅसिफिकला माहीत नव्हता.

आम्ही फिरलो. अर्ध्या तासाने, ज्या पट्ट्यावरून आलो होतो तिथे पाणी ओंडक्यांपर्यंत पोहोचलं होतं. आम्ही ओंडक्यांच्या मागच्या बाजूने, झाडीच्या कडेकडेने निघालो. ती काही बोलली नाही. मीही नाही.

मी गप्प होतो त्याचं कारण वेगळं होतं. १९८७ च्या जुलैत मी शाळेची अठरा मुलं घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. पाचनईच्या बाजूने उतरताना ओढा लागला. बरोबर गावातला एक वाटाड्या होता. तो म्हणाला, "मास्तर, पानी वाढतंय. मागं फिरा, रात गडावर काढा." मला दुसऱ्या दिवशी शाळा होती, पालक स्टँडवर येणार होते, आणि मुख्य म्हणजे मुलांसमोर वाटाड्याचं ऐकायचं होतं. मी त्याला ठरलेले पैसे दिले, वर म्हटलं, तुला घाई नसेल तर तू थांब. सतरा मुलं पार झाली. अठरावा वाहून गेला. पन्नास-साठ फुटांवर दगडांत अडकला म्हणून वाचला, पण मांडीचं हाड मोडलं होतं. त्याला पाण्यातून काढायला पहिली उडी वाटाड्यानेच मारली. चादरीची झोळी करून आम्ही त्याला खाली आणलं, तेव्हा पुढचा खांदा त्याचाच होता. मुलाचा तो पाय दीड इंच आखूड राहिला. त्याच्या आईने मला एक शब्द विचारला नाही. मीही घरी एवढंच सांगत आलो की पाणी अचानक वाढलं. सौभाग्यवतींनाही खरं त्या रात्री पोर्ट एंजेलिसला कळलं.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे. परत आल्यावर मी एका माजी विद्यार्थ्याकडून त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. वाटाड्या काय म्हणाला होता, तेही. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मी तुमच्याजवळच उभा होतो. मी ऐकलं होतं." आणि मग त्याने विचारलं, "त्यांचं नाव काय होतं हो? मी पाचनईला दोनदा जाऊन आलो, पण नावाशिवाय शोधणार कसं?"

मला सांगता आलं नाही. दोन दिवस तो माझ्यापुढे चालला, आणि मी त्याला "अरे" म्हणूनच हाका मारल्या होत्या.