आधी शब्द जुळवू, मग जाळे जोडू

(पाड्यांवरील वायरलेस जाळे सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील समारोपाचे भाषण)



तीन दिवस तुम्ही खांबावर चढलात, केबलला कनेक्टर लावलेत, सोलरची बॅटरी तपासायला शिकलात. आता समारोपाचे दोन शब्द बोलायला मला उभे केले आहे. मी शब्दांविषयीच बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आपल्या एका पाड्यावरच्या मुलाचा फोन आला. टेकडीवर मोबाईलची एक कांडी मिळते, तिथपर्यंत तो भिजत चढून गेला होता. म्हणाला, "सर, नेट बंद आहे." मी म्हणालो, "गेटवे रिसेट कर." एवढेच बोलणे झाले आणि रेंज गेली.

माझ्या मनातला गेटवे म्हणजे ग्रामपंचायतीतला डबा, जिथे बाहेरचे इंटरनेट आपल्या जाळ्यात येते. त्याच्या मनातला गेटवे म्हणजे शाळेच्या छपरावरचा डबा, कारण बसवणाऱ्या माणसाने त्याला तेच नाव सांगितले होते. शाळेतले केबलवरचे संगणक त्या डब्यातून जाळ्याला जोडलेले होते, म्हणून तोही शब्द चूक नव्हता. शिवाय मला म्हणायचे होते, "बंद करून पुन्हा चालू कर." मी म्हणालो "रिसेट". त्याने टाचणी घालून मागचे छोटे बटण दाबून धरले आणि डब्यातली सगळी मांडणी पुसली गेली.

बिघाड होता ग्रामपंचायतीत, साधा विजेचा. इंटरनेट नव्हते, तरी वरचे दोन पाडे आणि उपकेंद्र यांचे आपसातले बोलणे शाळेच्या डब्यावरून चालू होते. ते आम्ही दोघांनी मिळून बंद पाडले. त्याच रात्री वरच्या पाड्यावर एका ताईला कळा सुरू झाल्या. आशाताईंचा निरोप उपकेंद्रात पोहोचला नाही. माणसांनी झोळी करून तिला अंधारात रस्त्यापर्यंत उतरवले. आई आणि बाळ सुखरूप आहेत. पण आपण नशिबाच्या भरवशावर काम करायचे नाही. त्या रात्रीची चूक त्या पोराची नव्हती, यंत्राचीही नव्हती. एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला ठाऊक असूनही मी विचारले नाही, ही चूक होती.

मित्रांनो, हा गोंधळ फक्त आपलाच नाही. आपल्या फोनमधले वायफाय ज्या मानकावर चालते, त्या ८०२.११ ची पहिली आवृत्ती १९९७ साली निघाली. डब्याने डब्याशी बोलून मेश जाळे विणावे, यासाठी जगभरच्या अभियंत्यांचा एक गट २००४ पासून काम करत होता. त्यांचे मानक, ८०२.११ एस, २०११ साली प्रसिद्ध झाले. इतक्या वर्षांत त्यांनी तंत्र तर ठरवलेच, पण शब्दही पुन्हा पुन्हा घासले. सुरुवातीच्या मसुद्यांत "मेश पॉइंट", "मेश अ‍ॅक्सेस पॉइंट" आणि "मेश पोर्टल" असे शब्द होते. शेवटच्या मानकात "मेश स्टेशन" आले, आणि जाळ्याला दुसऱ्या जाळ्याशी जोडणाऱ्या जागेसाठी "मेश गेट" हा वेगळा शब्द आला.

यातून आपल्याला घेण्यासारखे एकच आहे. नाव डब्याला द्यायचे नाही, कामाला द्यायचे. एकच डबा तीन कामे करू शकतो. मानकाच्या भाषेत तुमच्या हातातला साधा फोन मेश जाळ्याचा भाग नसतो. तो अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडला जातो आणि त्याचे बोलणे पुढे जाळ्यात जाते. दोन्ही कामे एकाच डब्यात असली तरी ती दोन कामे आहेत. म्हणून "फोनला वायफाय दिसते, तरी नेट नाही" असे कोणी सांगितले, की ओळखा: फोनपर्यंतचे काम ठीक आहे, बिघाड त्याच्या पुढे कुठेतरी आहे.

तीन दिवसांच्या चर्चेतून आपण पाच शब्द ठरवले. ते पुन्हा सांगतो.

पहिला, गाठ. जाळ्यातल्या दुसऱ्या डब्यांशी बोलणारा आणि त्यांचा निरोप पुढे देणारा डबा. मासेमारीचे जाळे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. एक गाठ सुटली तरी जाळे टिकते, पण शेजारच्या गाठी पक्क्या असतील तरच.

दुसरा, दुवा. दोन गाठींमधला थेट संबंध. मध्ये झाड वाढले, पान ओले झाले, तर दुवा कमजोर होतो. दोन्ही गाठी चालू असूनही दुवा तुटलेला असू शकतो.

तिसरा, टप्पा. निरोप एका गाठीवरून दुसरीवर गेला की एक टप्पा. आपल्या डब्यांत एकच रेडिओ आहे. तो एका वेळी ऐकतो किंवा बोलतो. म्हणून एका टप्प्यावर जो वेग मिळतो तो दोन टप्प्यांवर साधारण निम्म्यावर येतो. वरच्या पाड्यावर नेट हळू चालते म्हणजे डबा बिघडला असे लगेच धरू नका. आधी टप्पे मोजा.

चौथा, वेस. जिथून आपले जाळे बाहेरच्या जाळ्याला भेटते ती जागा. गावाला दोन वेशी असतात तशा आपल्यालाही आहेत, म्हणून नुसते "वेस" म्हणायचे नाही. "पंचायतीची वेस" किंवा "शाळेची वेस" असे पूर्ण बोलायचे.

पाचवा, हॉटस्पॉट. जिथे फोन जोडला जातो ते काम. हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, तो बदलायचे कारण नाही.

याखेरीज दोन आज्ञा. "बंद-चालू" म्हणजे वीज काढून पुन्हा देणे. "पुसणे" म्हणजे ते छोटे बटण दाबणे. फोनवरून कोणीही, अगदी मी सांगितले तरी, समोरच्याकडून डब्याचा नंबर वदवून घेतल्याशिवाय पुसायचे नाही.

शब्द चुकला की माणूस चुकीच्या जागी पाहतो, याचे मोठे उदाहरण आपल्याजवळच आहे. खेड्यांतल्या इंटरनेटविषयी बोलताना सगळे "शेवटचा मैल" म्हणतात. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येणार, मग उरला शेवटचा मैल, असे वाटते. पण ग्रामपंचायत खाली आणि पाडे डोंगरावर विखुरलेले. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पातल्या मंडळींनी या मधल्या अंतराला वेगळे नाव धरले, "मधला मैल", आणि ते कसे ओलांडायचे यावर काम केले. नाव मिळाले की अडचण दिसते, आणि दिसली की तिच्यावर उपाय शोधता येतो.

खरेदी करतानाही हेच लक्षात ठेवा. दुकानात कितीतरी डब्यांवर "मेश" असे छापलेले असते. पण एका कंपनीचा मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी बोलेलच असे नाही. "मेश आहे का" असे विचारू नका. "८०२.११ एस चालते का, आणि आमच्या जुन्या डब्याशी जोडून दाखवता का" असे विचारा.

आता घरी गेल्यावर करायचे काम. प्रत्येक डब्यावर नंबर आणि त्याची कामे रंगाने लिहा. तोच कागद शाळेत, उपकेंद्रात आणि पंचायतीत लावा. आणि हे पाच शब्द आपापल्या बोलीत आजी-आजोबांना समजावून पाहा. वारलीत, कातकरीत, भिलीत याहून चांगला शब्द मिळाला तर तो घेऊन या. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवू. मात्र एकदा ठरला की सगळ्यांनी तोच वापरायचा.

तो मुलगा आज इथे बसला आहे. मघाशी पाटीवर जाळ्याचा नकाशा त्यानेच काढला आणि शाळेच्या डब्यापुढे तीन कामे लिहिली: गाठ, हॉटस्पॉट, शाळेची वेस. यंदाच्या पावसात त्याचा फोन आला, तर मी आधी विचारीन, "कोणता नंबर?"