जामीन कोणासाठी?



या व्याख्यानमालेत आमच्याआधी जे बोलून गेले ते शिकलेले लोक होते. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचा अभ्यास झाला तो ड्रायव्हर-क्लीनरांच्या युनियनच्या कचेरीत, सभासदांना आलेल्या नोटिसा वाचता वाचता. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते पुस्तकी वाटले तरी आम्ही ते ठेच लागल्यावरच शिकलो आहोत, एवढे ध्यानात असू द्यावे.

जामीन हा शब्द काढला की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस चौकी उभी राहते. कोणी आत गेला, कोणी त्याला सोडवून आणला, एवढाच जामीन आपल्याला ठाऊक. वस्तुतः हा शब्द त्याहून मोठा आहे. आपल्याकडे पूर्वीपासून देण्याघेण्याच्या व्यवहारात जामीन घेत आले आहेत. एकाने शब्द द्यायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा आणि तिसऱ्याने म्हणायचे की याने शब्द मोडला तर मी भरून देईन. मोटारीच्या धंद्यात हा तिसरा माणूस कोठे आहे, हाच आमचा आजचा विषय.

आधी आमची ठेच सांगतो. २०१६ सालच्या गणपतीची गोष्ट. आपल्या गावच्या कारखान्यांत कोकणातले कामगार पुष्कळ. एस.टी.ची आरक्षणे भरलेली, रेल्वेचे नाव काढायला नको. तेव्हा एका बुकिंग एजंटाशी आम्ही बोलणे केले. चिपळूणमार्गे कणकवलीपर्यंत एक खासगी बस, ४९ जागा, जागेमागे ६५० रुपये, सगळे पैसे आगाऊ. एजंट परवानाधारक होता. परवान्याचा कागद काचेत घालून भिंतीवर लावलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आणि सभासदांना सांगितले, पैसे भरा, माणूस ठीक आहे.

रात्री नऊला गाडी सुटायची होती. बायकामुले, पिशव्या, मखराचे सामान घेऊन लोक कारखान्याच्या फाटकाशी बसले. दहा वाजले, बारा वाजले. एजंटाचा फोन बंद. एक वाजता कोणीतरी बातमी आणली की गाडीमालकाने जास्त भाडे देणाऱ्याला गाडी दिली. काहींनी टेम्पो गाठला, काही उभ्याने गेले, बरेचसे घरी परतले. एका घरी गणपती बसवायला कर्ता माणूसच पोहोचला नाही.

पैशांचे काय, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला. एकूण ३१,८५० रुपये. एजंटाने ते आधीच दुसऱ्या देण्यात घातले होते. तो पक्का लबाड होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. एकाची उचल घेऊन दुसऱ्याचे भागवणारा तो एक बुडता व्यापारी होता. पण बुडताना त्याने ४९ जणांना पाण्यात ओढले, हेही तितकेच खरे. आम्ही परवाना देणाऱ्या कचेरीत गेलो. म्हटले, परवाना देताना याच्याकडून तुम्ही अनामत घेतली असेल, तीतून आमचे लोक भागवा. तिथल्या कारकुनाने शांतपणे उत्तर दिले, “अनामत आहे. अटी मोडल्या तर ती जप्त होईल. पण ती तुमच्यासाठी नाही.”

संध्याकाळी एका सभासदाची पत्नी कचेरीत आली. ती म्हणाली, “भाऊ, आम्ही एजंटाकडे पाहून पैसे दिले नव्हते. तुमच्याकडे पाहून दिले होते.”

या वाक्याने आम्हांला कायदा शिकवला. आम्ही सही केली नव्हती, मुद्रांक लावला नव्हता, तरी आम्ही जामीन राहिलो होतो. युनियनचा निधी अशा कामाला वापरता येत नाही. म्हणून आम्ही चार पदाधिकाऱ्यांनी पदरचे पैसे काढून अकरा महिन्यांत ती रक्कम फेडली. यात मोठेपणा नाही. जामीनदाराने एवढे करायचेच असते. मात्र त्या अकरा महिन्यांत एक विचार डोक्यातून गेला नाही. आम्ही अडाणीपणाने जे काम अंगावर घेतले, ते कायद्याने शहाणपणाने कोणावर सोपवलेले का नाही?

मग आम्ही कायदा काढून वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ९३ वे कलम. प्रवासी वाहनांची तिकिटे विकणाऱ्या एजंटाला परवाना हवा, आणि त्याच्याकडून अनामत घेता येईल, असे त्यात आहे. अनामतीची मर्यादाही आहे. मालाची ने-आण करणाऱ्या एजंटाला जास्तीत जास्त ५०,००० रुपये. इतर एजंटांना जास्तीत जास्त ५,००० रुपये. आता हिशेब करा. ती सगळी अनामत आमच्या लोकांत वाटली असती तरी माणशी १०२ रुपये आले असते. तिकीट होते ६५० चे. १९८८ साली पाच हजार रुपयांना वजन होते. २०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. मोबाईलवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्याही याच कलमाखाली आल्या, पण पाच हजारांचा आकडा होता तेथेच राहिला. शिवाय कलमात शब्द आहे तो अनामत जप्त होण्याचा. ज्याचे पैसे बुडाले त्याला ते मिळावेत, असे ते कलम स्वतः होऊन सांगत नाही.

येथे अनामत आणि जामीन यांतला फरक पाहिला पाहिजे. अनामत म्हणजे व्यापाऱ्याचेच पैसे सरकारपाशी अडकवून ठेवणे. जामीन म्हणजे तिसऱ्याची जबाबदारी. १८७२ चा करार कायदा आजही चालू आहे. त्याच्या १२६ व्या कलमात हमीच्या कराराची तीन माणसे सांगितली आहेत: धनको, ऋणको आणि जामीनदार. १२८ वे कलम म्हणते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. आणि १४५ वे कलम म्हणते की जामीनदाराने रीतसर जे भरले ते ऋणकोकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे.

हे तिसरे कलम महत्त्वाचे. पुष्कळांना वाटते की जामीनरोखा म्हणजे विमाच. तसे नव्हे. विम्यात नुकसान विमा कंपनी सोसते. जामिनात कंपनी नाडलेल्याला आधी देते आणि मग व्यापाऱ्याच्या मागे लागते. व्यापारी सुटत नाही, फक्त त्याच्या मागे धावण्याचे काम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरते. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली तर घरात चूल अडते, त्याने कोर्टाच्या तारखा कशा सांभाळायच्या? हे काम कंपनीला झेपते.

आमच्या एका सभासदाची मुलगी कायदा शिकते. तिने आम्हांला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा वाहन कायदा समजावून दिला. तेथे मोटारी विकणाऱ्या दुकानदाराला ५०,००० डॉलरचा जामीनरोखा द्यावा लागतो. लोकांची नोंदणीची कागदपत्रे पैसे घेऊन करून देणाऱ्याला २५,००० डॉलरचा. मोटार शिकवण्याची शाळा काढणाऱ्याला २,५०० डॉलरचा. दुकानदाराच्या रोख्याची अट अशी की त्याच्या फसवणुकीने गिऱ्हाइकाचे पैशाचे नुकसान झाले तर ते या रोख्यातून मागता येते. म्हणजे रोखा सरकारच्या हाती असला तरी त्याचा धनी गिऱ्हाईक आहे. त्यातही उणे आहेच. रोख्याची रक्कम एकच असते आणि मागणारे शंभर निघाले तर ती लवकर संपते. पण दार कोणासाठी उघडायचे हे तेथे ठरलेले आहे.

आपल्याकडे जामीनरोखा अगदीच अनोळखी राहिलेला नाही. विमा नियामक प्राधिकरणाची जामीन-विम्याची मार्गदर्शक तत्त्वे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात असा पहिला रोखा बाजारात आला. मात्र तो आला मुख्यतः रस्ते आणि पूल बांधणाऱ्या ठेकेदारांसाठी, बँकेच्या हमीत त्यांचे भांडवल अडकू नये म्हणून. ठेकेदाराची सोय झाली याचे आम्हांला वाईट वाटत नाही. पण फाटकाशी रात्रभर बसलेल्या बाईची सोय राहिली, ती आठवण करून देणे हे आमचे काम.

आणि ही आठवण आता निकडीची आहे. पूर्वी जी कामे सरकारी कचेरीत होत ती एकेक करून खासगी हाती चालली आहेत. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रे आली. तेथून उत्तीर्ण झालेल्याला पुन्हा कचेरीत गाडी चालवून दाखवावी लागत नाही. त्याच वर्षी वाहनांची तपासणी करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे नियम झाले. मोबाईलवाल्या कंपन्यांसाठी केंद्राने २०२० साली आणि पुन्हा २०२५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत लाखांच्या अनामतीची भाषा आहे. आम्ही खासगीच्या नावाने बोटे मोडणार नाही. आमचेच कित्येक जुने ड्रायव्हर आज मोटार शिकवण्याच्या शाळा चालवतात आणि चांगल्या चालवतात. प्रश्न एवढाच की शाळेने फी घेऊन कुलूप लावले, तर पोराची फी कोण देणार?

यावर कोणी म्हणेल, जामिनाचा खर्च शेवटी गिऱ्हाइकावरच बसेल. काही अंशी बसेल. पण रोख्यासाठी पूर्ण रक्कम अडकवावी लागत नाही, वर्षाकाठी तिचा थोडा हिस्सा भरावा लागतो. तो पन्नास जणांनी थोडा थोडा सोसणे आणि एका घराने सगळा सोसणे, यांत आम्हांला पहिले बरे वाटते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. लहान धंदेवाल्याला कंपनी जामीन राहायला कचरेल आणि मोठ्यांचेच फावेल. म्हणून रक्कम धंद्याच्या आकाराप्रमाणे हवी. जो जितके पैसे आगाऊ हातात धरतो, तितका त्याचा जामीन. काम झाल्यावर पैसे घेणाऱ्या गरीब मालकाला तो जवळजवळ नसला तरी चालेल.

आमचे मागणे थोडके आहे. पहिले, आगाऊ पैसे घेणाऱ्या प्रत्येक मोटार-धंद्याचा जामीन नाडलेल्या माणसाच्या नावे असावा. दुसरे, त्याचा आकडा ठराविक वर्षांनी पुन्हा पाहावा, वर्षानुवर्षे एकाच खुंटीला टांगून ठेवू नये. तिसरे, परवान्याशेजारी जामीनदाराचे नाव आणि रोख्याचा क्रमांक भिंतीवर लागावा, आणि मागणी करायला वकील न लागता एक साधा अर्ज पुरावा. चौथे, धंदा बुडाला तर ड्रायव्हर-क्लीनरांच्या थकलेल्या पगारालाही त्या रोख्यात जागा असावी. कारण त्या रात्री गाडी आली नाही म्हणून जसे प्रवासी बुडाले, तसा एजंटाकडचा पोऱ्याही दोन महिन्यांच्या पगाराला मुकला.

हे नवीन काही नाही. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला मोटारीने ठोकरले तर त्याला भरपाई मिळावी म्हणून आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. मालकाची ऐपत असो वा नसो, ठोकरलेला उघडा पडू नये, हे तत्त्व आपण तेव्हाच मानले. मोटार अंगावर आली तर तिसऱ्या माणसाची व्यवस्था आहे. मोटारीचा धंदा अंगावर आला तर का नसावी?

तोवर आपण सर्वांनी एक करावे. पैसे भरण्यापूर्वी परवाना पाहाल, तो पाहाच. पण सोबत एक प्रश्न विचारा, “तुमचा जामीन कोण?” उत्तर मिळणार नाही. तरी विचारा. शंभर जणांनी विचारला तर दुकानदार अस्वस्थ होईल, हजारांनी विचारला तर कचेरी होईल. आणि कोणी तुम्हांला विचारले, अमका माणूस ठीक आहे का, तर हो म्हणण्याआधी क्षणभर थांबा. त्या एका हो मध्ये तुम्ही जामीन राहता. आम्ही राहिलो होतो.